उलटा रंधा

प्रभाकर कुणाच्याही घरी गेला की आधी त्या घरातली अडगळ बघायचा. पाणी नंतर, चहा नंतर. चपला काढता काढता त्याची नजर जिन्याखाली, पलंगाखाली, माळ्यावर फिरून यायची आणि मग तो घरमालकाला अगदी आदबीनं विचारायचा, "हे फेकून राह्यले काय तुम्ही?" समोरचा हो म्हणाला की संपलं. निघताना त्याच्या बगलेत छत्रीच्या काड्या, पंख्याची जळकी मोटर नाहीतर पलंगाचा एखादा पाय असायचाच. एकदा मयतीला गेला होता, तर तिथंही मागच्या अंगणात गंजलेल्या वखरापाशी उभा सापडला. लोक हसायचे, पण त्या हसण्यात कौतुक असायचं. मी असं काही केलं असतं तर लोकांनी मला भंगारवाला ठरवलं असतं.

प्रभाकर माझा साडू. माझी बायको सुमन थोरली, त्याची शोभा धाकटी. माझं मलकापूरला कापडाचं दुकान, तो नांदुऱ्याला शाळेत हिंदी शिकवायचा. सासर दोघांचं एकच, साखरखेर्डा. सासऱ्यांना मुलगा नाही. अशा घरात थोरला जावई होणं म्हणजे काय मान असतो, ते ज्यानं भोगला त्यालाच कळेल. मी तो काही वर्षं एकट्यानं भोगला. बैलाच्या खरेदीपासून भिंतीच्या रंगापर्यंत मामा, म्हणजे आमचे सासरे, मला विचारल्याशिवाय पुढं जात नसत. आणि मग शोभाचं लग्न ठरलं.

सीमंतपूजनाला नवरदेव चौरंगावर बसला. बसल्याबरोबर त्याला चौरंग डुगडुगतोय असं वाटलं. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. यानं भटजींना हात करून थांबवलं, ताटातली सुपारी उचलली, दातानं फोडली आणि खाली वाकून अर्धी चौरंगाच्या पायाखाली सारली. ती गणपतीची सुपारी नाही ना, एवढंच भटजींनी घाईघाईनं पाहून घेतलं. मामा तर असे खूश झाले की त्या दिवशी जो पाहुणा भेटेल त्याला तो चौरंग दाखवत सुटले. वऱ्हाडाची सगळी व्यवस्था मी पाहिली होती. मांडव, आचारी, पाण्याचा टँकर, सगळं. पण गाजली अर्धी सुपारी.

नांदुऱ्याला त्याच्या घरामागं पत्र्याची एक खोली होती. रेल्वेलाईन जवळच. मालगाडी निघाली की खोलीतल्या सगळ्या वस्तू एकदम बोलायला लागायच्या आणि प्रभाकर हातातलं काम थांबवून ती जाईपर्यंत उभा राहायचा. त्या खोलीत विकत आणलेलं असं जवळपास काहीच नव्हतं. शिलाई मशीनच्या पायानं चालवायच्या स्टँडवर त्यानं लाकूड कातायचा लेथ केला होता. ट्रॅक्टरच्या मोडक्या जॅकचा, लाकूड आवळून धरायचा शिकंजा होता. झिजलेल्या कानशी घासून पटाश्या केल्या होत्या. रंध्याचं शरीर बाभळीचं आणि पातं ट्रकच्या स्प्रिंगच्या तुटलेल्या पाट्याचं. प्रत्येक हत्याराच्या मुठीला त्यानं बोटांच्या खाचा कोरल्या होत्या, अंगठ्याला वेगळी खोबण. त्यानं हत्यार धरलं की ते हातातून उगवल्यासारखं दिसायचं. मी धरलं की माझा अंगठा भलतीकडे पडायचा, कारण मी डावखुरा. आईनं लहानपणी जेवणापुरता उजवा हात लावून दिला, बाकी सगळं मी डाव्यानंच करतो.

"विकत घेतलेलं हत्यार दुकानदाराचंच राह्यते, साडूभाऊ," तो म्हणायचा. "आपण नुसतं सांभाळतो." दुकानदारालाच हे सांगायचं, म्हणजे बघा. वस्तू करण्यापेक्षा ती करायचं हत्यार करण्यात त्याला जास्त गोडी होती. स्टूल करायला घेतलं तर आधी स्टुलाचे पाय कातायची पटाशी करायचा, मग ती पटाशी घासायला दगडाचं चाक करायचा, आणि शोभा बिचारी वर्षभर पालथ्या डब्यावर बसून भाजी निवडायची. कुणी विचारलं कधी होणार, तर ठरलेलं उत्तर, "होते हो, काऊन नाही होणार?" आणि व्हायचं, हेच तर दुखणं होतं.

कुणीतरी त्या लेथाचा व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा दिवसभर माझा मोबाइल थरथरत होता. वा वा, काय डोकं, काय हात. गिऱ्हाइकासमोर साड्या उलगडता उलगडता मी ते सगळं वाचलं. शेवटी मीही एक अंगठा टाकला. न टाकावा तर सुमननं विचारलं असतं.

मग मीही छंद सुरू केला. मुंबईहून हत्यारांची एक लाल पेटी मागवली. विजेचं ड्रिल, रंधा, पटाश्यांचा संच, सगळं मखमलीच्या खाचांमध्ये नीट बसवलेलं. नांदुऱ्याच्या त्या पत्र्याच्या खोलीपेक्षा माझी ती पेटी दिसायला हजार पटीनं देखणी होती, हे आजही सांगतो. प्रभाकर आला तेव्हा मी ती मुद्दाम बैठकीत उघडून ठेवली होती. त्यानं एकेक हत्यार उचलून पाहिलं, परत त्याच्या खाचेत ठेवलं आणि म्हणाला, "झकास हाय. आता याले कामाले लावा." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

मला एकच गोष्ट हवी होती. मामांनी माझ्या हातची एखादी वस्तू उलटसुलट करून पाहावी आणि "वा" म्हणावं, जसं ते प्रभाकरच्या वस्तूंना म्हणायचे. मामांची ती "वा" काही मोठ्यानं नसायची. वस्तूवरून तळवा फिरवायचे आणि श्वास सोडल्यासारखी ती यायची. त्यासाठी मी सागवानी फळी घेऊन जेवायला बसायचा पाट करायला घेतला. दुकान बंद असेल त्या दिवशी गच्चीवर बसायचो. रंधा कधी खोल जायचा, कधी तिरका. सुमन वर यायची, लाकडाचा भुगा झाडायची आणि खाली जायची. एकदा फक्त म्हणाली, "नांदुऱ्याला नेऊन प्रभाकररावांना दाखवता का?" त्यानंतर मी पाट होईपर्यंत तिच्याशी नीट बोललो नाही.

धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयांना बोलावून वाण देतात, तसं दोघांनाही साखरखेर्ड्याला बोलावणं आलं. जावयानं घ्यायचं असतं, द्यायचं नसतं. तरी मी पाट घेऊन गेलो आणि काही न बोलता स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला. वाटलं, कुणीतरी विचारील. सासूबाईंनी तो पाहिला, पदरानं पुसला आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाल्या, "प्रभाकरराव, पाट लय नामी केला हो तुम्ही."

प्रभाकर लगेच म्हणाला, "मी नाही केला. साडूभाऊनं केला."

मामा त्याच वेळी त्या पाटावर बसत होते. पाट एका बाजूला खाली गेला, मग दुसऱ्या. त्यांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, "हं. तरीच."

तो एक शब्द मी अनारशाबरोबर गिळला. ताटात पुरणाचे तळलेले धोंडे होते, तूप होतं, चांदीची वाटी होती, मला कशाचीच चव लागली नाही. प्रभाकर मात्र जेवण झाल्यावर त्या पाटाशी उकिडवा बसला. त्यानं कडेवरून बोट फिरवलं, रंध्याचे तिरके घाव कुठून कुठं गेलेत ते पाहिलं, मग मान वर करून माझ्या हातांकडे पाहिलं. मी हात मागं घेतले. परतीच्या गाडीत मी सुमनला म्हटलं की त्याला माझी चूक शोधून ठेवायची होती, पुढं कधीतरी काढायला.

त्यानंतर काही दिवसांनी कापडाच्या वसुलीला नांदुऱ्याला गेलो होतो. खोलीत जरा टेकलो, तर यानं खिडकीला लावायच्या पुट्टीचा ओला गोळा माझ्यासमोर धरला. "धरा जरा, साडूभाऊ. दाबा घट्ट. घट्टसर झाली काय पाहून राह्यलो." मी सवयीनं डावा हात पुढं केला आणि दाबला. माझा हात भरला, घड्याळाच्या पट्ट्याला पुट्टी लागली. त्यानं तो गोळा कौतुकानं पाहिला आणि फळीवर नेऊन ठेवला. थोरल्या जावयाला हा आता मजुरासारखा राबवतो, असं मी घरी येऊन म्हणालो. सुमन म्हणाली, एक गोळाच तर दाबला. बायकांना मानापमानातलं काही कळत नाही.

खंडेनवमीला तो सगळ्यांना घरी बोलवायचा. त्या दिवशी त्याच्या खोलीतली सगळी हत्यारं घासूनपुसून, तेल लावून, सतरंजीवर ओळीनं मांडलेली असायची. प्रत्येकाला हळदकुंकू, झेंडूचं फूल. आपल्याकडे त्या दिवशी हत्यार कामाला लावत नाहीत, ते त्याच्या विश्रांतीचं असतं. यंदा मामा आणि सासूबाईही आले होते. मामांची नजर आता अधू झाली होती आणि बोलता बोलता त्यांचा धागा सुटायचा, पण ते खाली बसून एकेक हत्यार हातानं चाचपत होते. ओळीच्या अगदी टोकाला मला एक नवा रंधा दिसला. त्याची मूठ पाहिली आणि माझ्या छातीत दिवाळी झाली. अंगठ्याची खोबण भलत्या बाजूला होती. ओळीतल्या सगळ्या मुठींच्या बरोबर उलट.

इतकी वर्षं मी त्याची एक चूक शोधत होतो. मी अजिबात वेळ दवडला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "प्रभाकरराव, हा रंधा उलटा झाला हो तुमचा."

प्रभाकरनं रंध्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हो," तो म्हणाला. "झाला खरा."

"धरून दाखवा पाहू."

"आज नाही. आज त्याचा आराम हाय. दिवाळीत पाहू."

मामा हसले, सासूबाई हसल्या, शोभा खाली पाहून हसली. मला वाटलं, सगळे त्याला हसतायत. त्या दिवशी मी पुरणपोळी मागून घेतली आणि वर तूपही. घरी येताना गाडीत गुणगुणत होतो, असं सुमन म्हणते.

दिवाळी यायच्या आत प्रभाकर गेला. आजार नाही, दवाखाना नाही. दुपारी जेवून पत्र्याच्या खोलीतच बाजेवर आडवा झाला, मालगाडी गेली, शोभा चहा घेऊन आली तेव्हा संपलं होतं. हेवा करावा असंच मरण आणलं त्यानं, आणि मी तो केलाही. मग स्मशानातून परत येताना मला एकदम भडभडून आलं. ज्याच्याशी आयुष्यभर बरोबरी करायची तो माणूसच उठून निघून गेला, आता मी कुणाकडे बघून जळू?

चौदावा झाल्यावर शोभानं मला खोलीत बोलावलं. लेथ शाळेला द्यायचं तिनं ठरवलं होतं, बाकी हत्यारं कुणाकुणाला. मग तिनं जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू माझ्यापुढं ठेवली. "हे तुमचं हाय, भाऊजी. दिवाळीले द्यायचं म्हणे ते. आंधीच सांगायचं नाही, म्हणून मले दम देऊन ठेवला होता."

तो उलटा रंधा होता. मागच्या फळीवर तो पुट्टीचा गोळा अजून होता, वाळून दगड झालेला, त्यावर माझी बोटं उमटलेली. मी डावा हात पुढं केला. अंगठा आपसूक खोबणीत गेला, एकेक बोट आपापल्या खाचेत जाऊन बसलं. माझी करंगळी जरा वाकडी आहे, लहानपणी दारात चेंगरली होती. तिच्यासाठीसुद्धा त्यानं वाकडी खाच कोरली होती. शोभा समोर होती म्हणून मी तोंड फिरवलं आणि लेथाकडे पाहत राहिलो.

त्या रंध्यानं मी नवा पाट केला. खोटं बोलणार नाही, सोपं गेलं. लाकडाची सालपटं लांब, पातळ, गोल गोल होऊन गच्चीभर पसरायची आणि मी थांबून थांबून ती पाहायचो. सुमन म्हणाली, आता जेवायला या, पाट पळून जात नाही. लाल पेटी तिनं माळ्यावर ठेवून दिली. मी विरोध केला नाही.

संक्रांतीच्या सुमाराला आम्ही साखरखेर्ड्याला गेलो. मामा ओसरीवर बसले होते. त्यांना आता सगळे आठवत नव्हते, कोण आहे आणि कोण नाही याचाही घोटाळा व्हायचा. मी पाट त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, कडेवरून बोट नेलं. मग तळवा सबंध फळीवरून फिरवला आणि श्वास सोडल्यासारखं म्हणाले, "वा."

मी आणखी जवळ सरकलो.

"प्रभाकर येऊन गेला काय?" मामांनी विचारलं.

सुमननं माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. आता सांगा, मेल्यावरही जो माणूस माझ्या पाटावर येऊन बसतो, त्याचं करावं तरी काय?

"हाव, मामा," मी म्हटलं. "येऊन गेला. त्याचाच पाट हाय."

मामांनी समाधानानं मान हलवली, पाट जमिनीवर ठेवला आणि हळूच त्यावर बसले. पाट जागचा हलला नाही. मला मात्र राहवेना. मी त्यांच्या कानाशी वाकलो.

"पण रंधा मी मारला, मामा."