सात ते साडेसात

दुकानदाराने काउंटरवर एकापाठोपाठ एक सहा राउटर मांडले. माणूस पट्टीचा बोलणारा होता. हा बघा चार अँटेनावाला, हा सहावाला, हा तीन मजल्यांपर्यंत पोचतो, यावर एका वेळी चाळीस जणांचं चालतं. धाकटीने सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "ते राहू द्या हो. यात ठरावीक वेळी एखाद्याचंच तेवढं बंद पाडता येतं का?"

"येतं की! मुलांच्या अभ्यासासाठी ना? किती मुलं तुम्हाला?"

"एकच आहे. अडुसष्ट वर्षांचं."

दुकानदार खळखळून हसला. त्याला बिचाऱ्याला वाटलं, बाई विनोदी आहेत. धाकटी अजिबात हसली नाही.

तिला घरात सगळे धाकटी म्हणत, कारण त्या घरात ती धाकटी सून म्हणून आली आणि मग कोणालाच दुसरं नाव सुचलं नाही. आता वय पंचावन्न, केस पिकलेले, नवरा जाऊन चौदा वर्षं झालेली, तरी धाकटीच. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या तिच्या. खाली थोरले दीर आणि जाऊबाई. दीर म्हणजे भाऊजी शाळेत उपमुख्याध्यापक होते आणि उभी हयात त्यांनी वेळापत्रकं लावली. कोणत्या तासाला कोण कुठे असेल हे ठरवण्यात त्या माणसाला जे सुख मिळायचं, ते जेवणातही मिळत नसे. निवृत्त झाले आणि शाळा सुटली, पण खोड थोडीच सुटते? घर होतंच हाताशी.

धाकटीचं काम टायपिंगचं. डॉक्टर लोक पेशंट तपासून झाले की तोंडाने सगळं सांगून ठेवतात, ते रेकॉर्डिंग तिच्याकडे यायचं पहाटे सहाला. ती कानाला हेडफोन लावून ते अक्षर अन् अक्षर टाइप करायची आणि दहाच्या आत इस्पितळात पाठवायची. दहाला डॉक्टर फेरीला निघत, तेव्हा कागद हातात हवेत. नवरा गेल्यानंतर हेच काम तिने नऊ वर्षं केलं. एक दिवस चुकला नाही. एका डॉक्टरला तोंडात सुपारी धरल्यासारखं बोलायची सवय होती, त्याचं बोलणं सगळ्या इस्पितळात फक्त धाकटीला कळायचं. तिला त्याचा केवढा अभिमान!

आणि मग, पाच वर्षांपूर्वी, इंटरनेट बंद पडायला लागलं. रोज साडेनऊला जायचं, साडेदहाला यायचं. पहिल्या दिवशी तिने माफी मागितली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे पळत गेली, तर ते उघडायचं अकराला. तिसऱ्या दिवशी कंपनीला फोन करून भांडली. खाली राउटरपाशी भाऊजी असायचे. ते डबा हलवून बघायचे, वायर काढून पुन्हा खोचायचे, फुंकरही मारायचे आणि मान हलवून म्हणायचे, "कंपनीचीच लाइन खराब आहे गं." धाकटी म्हणायची, "तुम्हाला उगाच त्रास, भाऊजी." असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी इस्पितळाचं पत्र आलं. त्यात शब्द होता, बेजबाबदार.

त्याच महिन्यात ठरलं की सासूबाईंना रोज सकाळी दहाला अंघोळ घालायचं काम आता धाकटीने करावं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. जाऊबाईंची कंबर पार गेलेली, त्यांना ते उचलणं झेपेना. भाऊजी म्हणाले, "तू आता मोकळीच असतेस ना." मोकळीच! तीन वर्षं धाकटीने त्या म्हातारीला उचललं, पुसलं, कूस बदलली. त्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. सासू मायेची होती, शेवटी शेवटी तर धाकटीचाच हात धरून झोपायची. पण टायपिंग गेलं ते गेलंच. वर कॉम्प्युटरवर तिने टेबलक्लॉथ घातला. नऊ वर्षांत न चुकलेली बाई स्वतःलाच विचारत राहिली, की आपलंच काही चुकलं का.

हे सगळं आपल्या कर्माने झालं असं मानून ती मरूनही गेली असती. पण गेल्या महिन्यात जुना राउटर खोकल्यासारखा दर पाच मिनिटांनी बंद-चालू व्हायला लागला, आणि कंपनीची लाइनवाली बाई आली. ती म्हणाली, हा डबा संपला, नवा आणा, यातल्या सेटिंग मी उतरवून घेते. भाऊजी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. लाइनवाली लॅपटॉप मांडीवर घेऊन एकेक ओळ वाचत होती आणि वाचता वाचता थबकली.

"यात एक जुना नियम आहे, ताई. वरचा कॉम्प्युटर, साडेनऊ ते साडेदहा, बंद. आता लागू नाहीये, नुसता पडून आहे. नव्यात घ्यायचा की पुसायचा?"

धाकटीने तिला तो पुन्हा वाचायला लावला. तारीखही विचारली. तारीख होती पाच वर्षांपूर्वीची, तिच्या पायाखालची जमीन सरकली त्याच महिन्यातली.

"कोणी लावला असेल हो?"

"ज्याच्याकडे पासवर्ड असेल त्याने," लाइनवाली म्हणाली.

पासवर्ड एकाच माणसाकडे होता. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हा गृहस्थ फुंकर मारत होता! स्वतःच्या हाताने गळा आवळून वर फुंकर! आणि मी त्याला म्हणत होते, तुम्हाला उगाच त्रास. रडू आलं नाही, आला तो नुसता संताप. तिथेच तिने ठरवलं की या माणसाच्या तोंडून हे वदवून घ्यायचं. विचारायला गेलं तर कानावर हात ठेवेल. त्याला असं धरायचं की त्याने आपणहून बोललं पाहिजे.

आणि गंमत बघा. संध्याकाळी भाऊजी घरी आले आणि म्हणाले, "माझ्या डोळ्यांना आता ते बारीक अक्षर दिसत नाही. तुला कळतं त्यातलं, तूच चांगला बघून आण." धाकटी म्हणाली, "आणते ना. अगदी चांगला बघून आणते."

म्हणून ती त्या दुकानात उभी होती. दुकानदाराने दोन राउटर पुढे सरकवले. एकात बंद केलं की थेट बंद. दुसऱ्यात मात्र वेग कमी करायची सोय. "म्हणजे बघा, बंद नाही पडणार, पण चित्र अडकेल, आवाज तुटेल. मुलगा कंटाळून आपणच उठेल. बंद केलं की कळतं हो, आई-बापाने केलं म्हणून. हळू झालं की कळत नाही."

"हाच द्या," धाकटी म्हणाली.

भाऊजींचा जीव कशात आहे हे साऱ्या घराला माहीत होतं. त्यांची एकुलती एक मुलगी घर सोडून दूर गेली होती. बापाने हजार मोडते घातले, ती सगळे ओलांडून गेली आणि दोन वर्षं बोलली नाही. तिला मुलगी झाली तेव्हा कुठे पाझर फुटला. गेलं वर्षभर रोज संध्याकाळी सातला तिचा व्हिडिओ कॉल यायचा, साडेसातला संपायचा. घरात मोबाइलची रेंज धड येत नसे, सगळा कारभार वायफायवर. पावणेसातपासून भाऊजी टॅब पुसून, केस विंचरून तयार बसत. उपमुख्याध्यापक सर मांजराचे आवाज काढत.

धाकटीने नवा राउटर जिन्याच्या वळणावर बसवला, पासवर्ड स्वतःजवळ ठेवला आणि आपल्या फोनवरून एक ओळ भरली. खालचा टॅब आणि फोन, सात ते साडेसात, वेग अगदी तळाला.

पहिल्या दिवशी नात हसता हसता तशीच थिजली. भाऊजी "हॅलो, हॅलो" करत राहिले. दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचं ना..." आणि पुढचं काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी भाऊजी फोन घेऊन रस्त्यावर जाऊन उभे राहिले, पण रहदारीत काही ऐकू येईना आणि अंधूक डोळ्यांना त्या छोट्या पडद्यावर काही दिसेना. चौथ्या दिवशी जिन्याखालून हाक आली, "अगं, तुझ्याकडे चालतंय का?"

"माझ्याकडे छान चालतंय," धाकटी वरून म्हणाली. "कंपनीचीच लाइन खराब असेल, भाऊजी."

भाऊजींनी वर बघितलं. आणि ते आत गेले. त्यांना कळलं, आणि आपल्याला कळलं हे सांगायची सोय नव्हती. ही युक्ती ओळखायला ती आधी केलेली असावी लागते ना! चोराने चोरी झाली म्हणून बोंबलायचं कसं? धाकटीला त्या रात्री पाच वर्षांत लागली नव्हती इतकी गाढ झोप लागली. मी म्हणते, का लागू नये?

सहाव्या दिवशी मात्र जाऊबाई वर आल्या आणि पदर डोळ्यांना लावून बसल्या. "नातीने काल पहिल्यांदा 'आजी' म्हटलं म्हणे. मला नुसतं 'आ' ऐकू आलं बघ. आणि लेकीला वाटतंय हेच मुद्दाम धड बोलत नाहीत, पुन्हा रुसलेत. तुला कळतं त्यातलं, बघ ना गं जरा." जाऊबाईंना कशाचाच पत्ता नव्हता. धाकटीला त्यांचं फार वाईट वाटलं. पण ती थांबली नाही. तिच्या कानात तो शब्द वाजत होता, बेजबाबदार.

नवव्या दिवशी सातला पाच कमी असताना भाऊजी जिना चढून वर आले. टॅब छातीशी धरलेला. "इथे बसू का? इथे नीट लागेल कदाचित."

"बसा की."

कॉल आला. मुलीचा चेहरा आला आणि थिजला. डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं. भाऊजी त्या चेहऱ्याकडे बघत म्हणाले, "किती दिवस चालवणार आहेस?"

"तुम्ही किती दिवस चालवलं होतं?"

"अकरा."

आठवत होतं तर! फोन तिच्या मांडीवर होता. तिने भाऊजींच्या नकळत ती ओळ उघडली आणि वेग वरच्या टोकाला नेला. हे तिने मुद्दाम केलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. "काय केलं होतंत ते तोंडाने सांगा. मला ऐकायचंय."

"आईला दहाला अंघोळ घालायला कोणीतरी हवं होतं," भाऊजी मान खाली घालून म्हणाले. "तू कामाच्या नावाखाली उठली नसतीस. म्हणून तुझी लाइन मी बंद करत होतो. रोज. तुझी नोकरी माझ्यामुळे गेली. झालं समाधान?"

"बाबा?"

आवाज टॅबमधून आला, खणखणीत. भाऊजींनी दचकून पाहिलं. चित्र आता इतकं स्वच्छ होतं की नातीच्या गळ्यातल्या लाळेऱ्यावरचं बदक दिसत होतं. मुलगी हलत होती, श्वास घेत होती, सगळं ऐकून बसली होती.

"बाबा, माझा तो पहिला इंटरव्ह्यू. मी मागच्या खोलीतून देत होते. तिसऱ्या प्रश्नाला लाइन गेली आणि तुम्ही डबा हलवून बघत होतात. मी वर्षभर रडले त्यावर. तोही तुम्हीच?"

हे धाकटीला माहीत नव्हतं. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं, त्याच्यापुढचं तिने मागितलंच नव्हतं. भाऊजींनी 'नाही' म्हणावं असं तिला एकदम वाटलं. खोटं तर खोटं, एवढं एक म्हणा की हो!

"तू लांब गेली असतीस गं," भाऊजी म्हणाले.

मुलीने नातीला कडेवर घेतलं, हात पुढे केला आणि कॉल बंद केला. धाकटीने लगेच आपल्या फोनवरून तिला लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, तर पलीकडून बंद. भाऊजी काळ्या पडद्यावर बोट फिरवत होते, जणू वायर सैल झाली असावी.

"अहो, लागला का?" जाऊबाईंनी खालून विचारलं. "मला आवाज आला तिचा! लागला ना?"

भाऊजींनी धाकटीकडे पाहिलं. धाकटी पुन्हा पुन्हा फोन लावत होती. जाऊबाई कंबरेवर हात ठेवून जिना चढायला लागल्या. "ठेवू नका हं," त्या एकेक पायरीवर सांगत होत्या, "तिला म्हणावं थांब, मी आलेच."