सायरबाईंचं वर्गीकरण

एकोणसत्तरच्या चातुर्मासात देवपूरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या प्रेमकुंवरने बोटीच्या तळावरून खरवडलेला एक पापुद्रा घरी आणला. परदेशी सागरी जीव मुंबईच्या बंदरात पोचल्याचा तिच्या प्रबंधातला तो एकमेव पुरावा होता.

"काय गं ते?" जैन नियम काटेकोर पाळणाऱ्या सासूबाई सायरबाईंनी विचारलं.

प्राणी म्हटलं तर घरात ठेवू देणार नाहीत, म्हणून ती म्हणाली, "वाळलेलं शेवाळ."

"शेवाळ? एका कणात अनंत जीव! पाणी लागलं की पुन्हा जगेल. घरात नको!"

"खोटं बोलले मी. मेलेले प्राणी आहेत ते. या पापुद्र्यात प्रत्येकाची इवलीशी खोली वेगळी."

"मोजता येतात?"

"भिंगातून मोजलेत. चारशे बारा."

सायरबाईंनी वाकून पापुद्रा पाहिला.

"म्हणजे अनंत नाहीत, आणि मेलेत ते पुन्हा जगायचे नाहीत. मग ठेव ओसरीवर. आणि खोटं बोललीस, त्याचा उद्या उपास धर."