न्हाई काढणार
एसीच्या खोलीत पायमोज्यांचा वास आला की मला नव्वदीच्या अखेरचा मिरजेतला कॉम्प्युटर क्लास आठवतो. धूळ नको म्हणून बूट-चपला दाराबाहेर काढायला लावत. मुलांना गणित शिकवणारा एक फुकट प्रोग्राम आम्ही शिकत होतो. तो कुणीही हवा तसा बदलावा, अशी लिहिणाऱ्याचीच मुभा होती. उत्तर चुकलं की तो इंग्रजीत खेकसायचा. मी तिथं इंग्रजी अक्षरांतच "चुकलं व्हय? परत बघ की" असं घातलं. सर म्हणाले, "ही गावंढळ भाषा काढ, नाहीतर चपला घाल आणि चालू लाग." मी बाहेर गेले, चपला घातल्या आणि तशीच आत येऊन मशीनपुढं बसले. म्हटलं, "न्हाई काढणार." आज क्लास माझा आहे. मुलं चपला घालूनच आत येतात, आणि प्रोग्राममधलं ते वाक्य अजून तिथंच आहे.