मनकर्णानं मापं उसवली

आमच्या शेजारची मनकर्णा तीस वर्षं पोलकी शिवते. पडवीत तिची मशीन असते, नि मशीनच्या पलीकडं माझी गोणपाटाची घडी. मी तिला हूक लावून देते. हात रिकामे असले की माझं तोंड फार चालतं, असं माझ्या सुनेचं मत आहे, म्हणून मी हात भरलेले ठेवते.

मनकर्णाची एक वही आहे. गावातल्या निम्म्या बायांची मापं त्या वहीत आहेत, पण वाचून कुणालाच काही कळायचं नाही. त्याचं असं झालं, की सुरवातीला ती सरळ मापं लिहायची. एकदा एका बाईनं वही उघडली नि आपल्या जावेची छाती किती इंच ते नळावर सगळ्यांना सांगितलं. दोघी जावा सहा महिने बोलल्या नाहीत, नि दोघींनी मनकर्णाकडं पोलकी टाकायची बंद केली. तेव्हापासून टेपवर आलेलं माप ती मनातच ठेवते. त्याचं मनात काहीतरी करते नि ज्या आकड्यावर खडूची खूण करून कापड कापायचं, तेवढाच आकडा वहीत उतरवते. काय करते ते तिनं मलाही कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं की म्हणायची, "मावशी, तुमी हूक लावा."

परवा सकाळी साडेनऊला तिच्या मोबाईलवर सुप्याच्या एमआयडीसीतून फोन आला. आमच्या गावच्या सव्वीस बाया तिथल्या एका कंपनीत पॅकिंगला जातात. त्यांना कंपनी कुर्ते देणार होती. माप घ्यायला स्टोअरचा माणूस टेप घेऊन उभा राहिला, तर बाया भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्यांच्यातली दगडाबाई म्हणाली म्हणे, "टेप ठेव खाली. आमची मापं मनकर्णाकडं हायेत, नि कुर्तेबी तीच शिवंल."

फोनवर महेंद्र नावाचा सुपरवायझर होता. म्हणाला, "काकू, काम तुम्हाला देऊ, पण साहेबांची सही लागते. फॉर्मवर अंगाचं माप इंचात हवंय, सव्वीस जणींचं. बाराला साहेब पुण्याला निघणार. तक्ता नाही आला तर बाहेरून तयार माल मागवतील."

मनकर्णानं फोन ठेवला नि वही उघडली. सव्वीसच्या सव्वीस जणी वहीत होत्या, पण एकीचंही अंगाचं माप नव्हतं.

"इतकी वर्सं इकडून तिकडं गेले," ती म्हणाली. "तिकडून इकडं यायची पाळीच आली न्हाई."

मी माझ्या नातीला हाक मारली. राजनंदिनी अकरावी सायन्सला आहे, पारनेरला जाते. त्या दिवशी सुट्टी होती. ती आली तर मनकर्णा घुटमळली. मग पोरीला जवळ बसवून हळूच म्हणाली, "ऐक. कुणाला सांगू नको. टेपवर जे येईल त्यात दोन इंच मिळवायचं, सैलपणाला. मग त्याचं चार भाग करायचं, कारण कापड चारपदरी घडी घालून कापतो. एका भागात वर एक इंच मिळवायचा, शिलाईला. तो आकडा वहीत."

पोरगी टुणकन उठली. "काकू, हे तर आमचं फंक्शन झालं! नि आता त्याचं इन्व्हर्स काढायचं. आकड्यावरून मूळ माप. हाच धडा चाललाय आमचा!"

"येतंय का तुला?"

"न यायला काय झालं?"

मोबाईलवर तिची बोटं अशी पळाली की विचारू नका. अकराच्या आत सव्वीस आकडे कागदावर उतरले. नावं नाहीत, नुसते कंपनीच्या बिल्ल्याचे नंबर. ती मनकर्णाची अट. मनकर्णानं चष्मा लावून कागद वाचला नि एका जागी थांबली.

"ही दगडाबाई. एकोणचाळीस?"

"वहीत बारा आहे ना? बारातून दोन काढले, दहा. चारानं गुणलं, चाळीस. एक काढला, एकोणचाळीस."

"अगं, एकोणचाळिसात ती श्वास तरी घेईल का? मागल्याच महिन्यात मी मापलीय तिला."

"गणित बरोबर आहे काकू, तुम्हीच विसरल्या असाल."

मी म्हटलं, "भांडता कशाला? मी बसलेय की इथं. माझा आकडा बघा नि मला मापा."

माझा आकडा साडेनऊ. पोरीच्या हिशोबानं मी एकोणतीस निघाले. मनकर्णानं टेप लावला तर बत्तीस! मला बरं वाटलं. या वयात तीन इंच वाढायला कोण देतं?

पोरगी मात्र रडकुंडीला आली. "सगळं तर उलटं केलं. मिळवलं तिथं काढलं, भागलं तिथं गुणलं."

मनकर्णानं तिच्याकडं बघितलं, मग मशीनवर पडलेल्या अर्ध्या उसवलेल्या पोलक्याकडं बघितलं. "राजे, पोलकं उसवताना मी आधी काय काढते?"

"हूक."

"हूक लावले कधी?"

"शेवटी." पोरगी थांबली. तिचे डोळे हे एवढे मोठे झाले. "शेवटचं आधी! काकू, शिलाईचा एक इंच शेवटी मिळवला, तो आधी काढायचा. मग चारानं गुणायचं. सैलपणाचे दोन एकदम शेवटी! दगडाबाई... बारातून एक, अकरा. चोक चव्वेचाळीस. दोन काढले, बेचाळीस!"

"हां, ही झाली दगडाबाई!"

"नि आज्जी, तू... साडेआठ, चौतीस, बत्तीस! टेपवर आलं तेच!"

मग काय विचारता. पोरगी आकडा काढतेय, मनकर्णा तोच पुन्हा सुलटा मोजून वहीशी ताडून बघतेय, नि जुळला की मांडीवर थाप मारतेय. मी हूक सोडून घड्याळाकडं बघत बसले. दर दोन मिनिटांनी वेळ सांगत होते, तर दोघी एकदम ओरडल्या, "गप बसा की!" बाराला आठ मिनिटं असताना कागदाचा फोटो गेला.

आम्ही तिघी त्या मोबाईलकडं, दूध उतू जाईल म्हणून बघावं तशा बघत होतो. बारा वाजले. बारा वाजून चार मिनिटं झाली. वाजला!

"काकू, सही झाली," महेंद्र म्हणाला. "सोमवारी टेम्पोनं कापड येईल. पंधरा दिवसांत होतील ना?"

"धा दिवसांत देते," मनकर्णा म्हणाली नि फोन ठेवल्यावर स्वतःच दचकली. "धा म्हनले का मी?"

"म्हणालीस," मी म्हटलं.

ती खदखदा हसली नि तशीच उठली. भिंतीवरून पलीकडच्या शेजारणीला हाक मारली, "कलाबाई! तुझी मशीन धूळ खात पडलीय ना, तेल घाल तिला. कामाला बसायचंय." मग वळून राजनंदिनीला म्हणाली, "बायांना हात वर करून काम असतंय. कुर्त्याला दोन इंच सैल पुरायचं न्हाई, चार धरू. कुर्त्याचा नवा आकडा वहीत उतरवला, तर त्यावरून माप कसं काढशील?"

"एक वजा, चारानं गुणा, चार वजा!" पोरीनं श्वास न घेता सांगितलं.

मनकर्णानं तोवर कुर्त्याचा नमुना काढायला जुना पेपर जमिनीवर अंथरला होता नि खडू शोधत होती.