अक्कांनी न चाटलेलं बोट

आमच्या घरानं थोरल्या अक्कांना फसवलं. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझी समजूत काढायला येणार नाही. अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. निरगुडसरमध्ये आमच्या आळीत कुणीही बाळंत झालं, की अळिवाचे लाडू वळायला त्यांनाच बोलावणं यायचं. त्यातला एकही लाडू मात्र त्यांना कुणी सुखानं खाऊ दिला नाही.

लाडू वळताना बाई बोट चाटतेच. मी चाटते, माझी सून चाटते. अक्का चाटत नसत. गूळ-खोबऱ्यानं हात बरबटलेला असला तरी सरळ मोरीत जाऊन कोपरापर्यंत धुऊन यायच्या. गोडी बघायची झाली, तर चिमूटभर सारण माझ्या तोंडापुढं धरायच्या.

"बघ गं दुकानदारणी, गूळ कमी पडला का?"

"तुमीच बघा की."

"मला न्हाई कळत त्यातलं."

कळत सगळं होतं. त्यांना मूल नव्हतं, एवढंच. आमच्याकडं अळीव म्हणजे बाळंतिणीचा खुराक. जिची कूस उजवली नाही तिनं तो तोंडात टाकला, तर बायका पदराआड हसायच्या. असा नियम कुणी केला, ते मी पुष्कळ म्हाताऱ्यांना विचारलं. प्रत्येकीनं दुसरीकडं बोट दाखवलं.

अक्का मला माझ्या नावानं कधी हाक मारत नसत, 'दुकानदारीण'च म्हणत. दुकान मी पडवीच्या एका कोपऱ्यात सुरू केलं, कुणाच्या पाठबळाशिवाय. माल आणायला जुन्नरला जायची. तिथल्या मसालेवाल्या चाचांशी माझं दर खेपेला भांडण. मी चिमूटभर अळीव ओल्या तळहातावर चोळायची, माती निघाली की पोतं परत. चाचा म्हणायचे, "बाई, तुम्ही माल घेता की माझी परीक्षा घेता?" मी म्हणायची, "दोन्ही. आता भाव बोला." मला आजवर कुणा व्यापाऱ्यानं फसवलेलं नाही. म्हणून तर घरातली ही फसवणूक मला जास्त लागते.

अक्कांचा स्वयंपाक असल्या बारीक दाण्यांवर चालायचा. जवस तव्यावर तडतडेपर्यंत भाजून लसूण, लाल मिरची आणि मीठ घालून कुटायच्या. ती चटणी भाकरीवर तेलाबरोबर. उन्हाळ्यात वाटीभर पाण्यात सब्जा टाकून ठेवायच्या आणि तो फुगला की ताकात किंवा लिंबाच्या सरबतात सोडायच्या. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवायच्या. तांबडा दाणा पाणी पिऊन फुगतो, भोवती बुळबुळीत कवच धरतो. मग खोवलेलं खोबरं आणि गूळ घालून मंद आचेवर आटवायचं, वरून जायफळ. "दाण्याला घाई करू नये," म्हणायच्या, "त्याचं पोट भरलं तरच तो आपलं भरतो." जवस आणि सब्जा त्या सगळ्यांसमोर खायच्या. त्याला कुणाची ना नव्हती.

एका कांदाकाढणीत अक्का वाफ्यातच चक्कर येऊन बसल्या. मी त्यांना मंचरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी खालची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासलं आणि अंगात रक्त फार कमी आहे म्हणाले. लोहाच्या गोळ्या दिल्या. "गोळ्यांबरोबर पालेभाजी खा, अळीव खा, वर लिंबू पिळा. घरात अळीव असतात ना?"

अक्का पदर सारखा करत म्हणाल्या, "असत्यात. बाळंतिणीसाठी."

गोळ्यांनी पोट बिघडलं आणि त्या त्यांनी सोडून दिल्या. तेव्हा मी दुकानातले अळीव काढले, स्वतः लाडू वळले आणि ताटली घेऊन पडवीत त्यांच्यासमोर बसले.

"एक खायचा."

"अर्धा."

"भाव करू नका. एक."

"तू दुकानदारीण असशील, पर मी तुझं गिऱ्हाईक न्हाई," म्हणत हसल्या आणि लाडू उचलला. तोंडाशी नेला. एवढ्यात समोरच्या घरातली वहिनी मीठ मागायला आली. तिनं ताटली पाहिली.

"काय अक्का, या वयात बाळंत झालासा का काय?"

तिच्या मागोमाग आलेल्या दोघीतिघी हसल्या. ओट्यावर थोरले भाऊजी, म्हणजे अक्कांचे मालक, पान लावत बसले होते. तेही हसले. मोठ्यानं नाही, पण अक्कांना ऐकू जाईल एवढं. अक्कांनी लाडू ताटलीत ठेवला, मोरीत गेल्या आणि हात धुतला. मी त्या वहिनीला मीठ दिलं नाही. पुन्हा कधीच काही दिलं नाही. पण त्यानं काय होणार होतं?

त्यानंतर मी सगळे डाव टाकले. नाचणीच्या आंबिलीत अळीव मिसळले. पण ते काही जवसासारखे लपत नाहीत, जिभेला बुळबुळीत लागतातच. अक्कांनी वाटी खाली ठेवली. "मला समजत न्हाई व्हय गं?" दाराला कडी लावून देते म्हटलं, तर म्हणाल्या, "चोरून खायला मी काय मांजर हाय?" त्यांना लपून नको होतं. मालकांनी एकदा चारचौघांत "खा" म्हणावं, एवढंच हवं होतं. तसं त्या एकदाच बोलल्या, चटणी कुटताना, माझ्याकडं न बघता. मी भाऊजींना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "बायकांच्यातलं मला काय कळतंय?"

दोन हजार सालाच्या पुढं एका थंडीत अक्कांना ताप आला. आठवड्यात गेल्या. डॉक्टर म्हणाले, कारणं बरीच होती. असतील. पण अंगात रक्त असतं, तर त्या तापाशी भांडल्या असत्या, असं मला वाटतं आणि वाटत राहील.

आता माझ्या दुकानात चियाची पाकिटं असतात. लांबच्या मुलखातला दाणा, आमच्या सब्ज्याचा भाऊबंद वाटावा असा. तसाच भिजतो, तसाच फुगतो. पोरं दुधात टाकतात, सुना दह्यात. विकत घेणाऱ्याला कुणी विचारत नाही, की बाई, तू बाळंत कधी झालीस. या दाण्याला आमच्या गावची जीभ अजून लागलेली नाही. भाऊजींना साखरेचा त्रास आहे. माझी सून रोज सकाळी त्यांच्या ताकात चमचाभर भिजवलेला चिया घालते. ते ओट्यावर बसून पितात आणि शेवटी पेल्याच्या कडेला चिकटलेले दाणे बोटानं निपटून चाटतात.

परवा मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"गोड लागतंय का भाऊजी?"

"बरं असतंय पोटाला."

"अक्कांच्या पोटालाबी बरं झालं असतं. त्या दिशी तुमी हसला कशापायी?"

त्यांनी पेला खाली ठेवला. तोंड फिरवून रस्त्याकडं बघायला लागले.

"तिकडं बघू नका. तुमी हितंच बसला व्हता, ह्याच ओट्यावर. एक शब्द बोलला असता, तर त्यांनी लाडू खाल्ला असता. मी उभी हाय भाऊजी. सांगा, का न्हाई बोलला?"