एका बाजूची धार

उल्हासनगरच्या कॅम्पात, जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावून देणारे एक सिंधी काका बसत. आज माझ्या घरात चूल पेटते ती त्यांच्यामुळे, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी त्यांच्याकडे सारखा तिरक्या नजरेने बघतो आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायचं, हा माणूसच वाईट होता.

मी कोकणातला. आठवीत शाळा सुटली आणि पुढे अंबरनाथला गावकऱ्यांच्या खोलीवर येऊन पडलो. पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात हेल्पर होतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका पावसाळ्यात कारखान्याने टेंपररी माणसांना ब्रेक दिला. ब्रेक म्हणजे घरी बसा, बोलावलं तर या. बोलावतीलच असं कुणी छातीवर हात ठेवून सांगत नसे. खोलीतले म्हणायला लागले, "गावी जा, लावणीला तरी उपयोगी पडशील." गावी परत जायचं म्हणजे वेशीपासून घरापर्यंत प्रत्येक पडवीतून एकच प्रश्न येणार, "काय रे, कायमचा आलास?" तो प्रश्न मला झोपू देत नव्हता.

अशात कळलं की बदलापूरला खरवईकडे एका शेतकऱ्याने नर्सरी काढली आहे आणि त्याला आंब्याची कलमं बांधणारा माणूस हवा आहे. वडील गावात कलमं बांधायचे, त्यांच्या हाताखाली मीही शिकलो होतो. मालकाने मला वरून खाली न्याहाळलं.

"येतं म्हणणारे रोज येतात," तो म्हणाला. "सोमवारी ये. चाकू स्वतःचा आण. दाढीच्या ब्लेडने बांधणारे पुष्कळ पाहिले, त्यांची कलमं माना टाकतात."

चाकू होता. वडिलांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनीच दिलेला, शिंगाच्या मुठीचा, घडीचा. पण ट्रंकेत पडून पडून तो गंजला होता. पातं मुठीत असं रुतलं होतं की नख लावून ओढलं तर नखच तुटावं.

खोलीतला एक जण उल्हासनगरात कामाला होता. त्यानेच काकांचा पत्ता सांगितला आणि वर बजावलं, "वस्तू डोळ्याआड होऊ द्यायची नाही. आत नेली की बदलली म्हणून समज. आणि नोकरीचं बोलू नको. पक्कं व्हायच्या आधी बोललं की फिसकटतं."

तसा मी शनिवारी गेलो. काका पाठीत वाकलेले, डोळ्यांवर जाड भिंगं, पुढ्यात पायाने फिरवायचं धारेचं चाक. मागे बराकीतली त्यांची खोली. त्यांनी हात पुढे केला. मी चाकू हातात न देता त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवला. आमच्याकडे चाकू हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. पण त्यांना ते काही वेगळंच वाटलं असावं.

"हाथ में क्यों नहीं देता? किसी का है क्या?"

"माझाच आहे."

"काम क्या है इसका?"

"भाजी कापायची."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "घडीवाले चाकू से भाजी! अड़े साईं, मेरे को चरिया समझा क्या?"

चरिया म्हणजे वेडा, एवढं मला ठाऊक होतं. त्या वर्षांत खिशात घडीचा चाकू सापडला तरी पोलीस उचलत, आणि असे चाकू धारेला आले तर धार लावणाऱ्यालाही चौकीवर बसवत. म्हणजे त्यांना माझी भीती होती आणि मला त्यांची.

तरी त्यांनी चाकू घेतला. एका डब्यात रॉकेल ओतून त्यात बुडवून ठेवला. मी डब्यावरची नजर काढली नाही. आतून काकी चहा घेऊन आल्या, तर कपसुद्धा मी न बघताच घेतला.

"ये कौन?" काकींनी विचारलं.

"सब्जीवाला," काका म्हणाले.

तेवढ्यात एक हवालदार आला. घरची कात्री धारेला टाकली होती, ती न्यायला. कात्री घेता घेता तो डब्यात डोकावला.

"काय बुडवलंय?"

"मशीन का पुर्जा है साहब. जाम हो गया है."

हवालदार गेला. मला हायसं वाटायला हवं होतं, पण उलटंच झालं. ओळख ना देख, हा माणूस माझ्यासाठी पोलिसाशी खोटं का बोलला? आता हा मला कशात तरी अडकवणार, नाहीतर चाकू दाबणार.

"मैंने झूठ बोला तेरे लिए," काका हळूच म्हणाले. "अब तू सच बोल."

"भाजीच कापायची आहे, काका."

त्यांनी मान हलवली आणि चाकू बाहेर काढला. सांध्यावर शिलाई मशीनचं तेल सोडलं, लाकडी हातोडीने बारीक बारीक टोले दिले. मग पातं चिमटीत धरून इकडे-तिकडे हलवत राहिले. तांबडं पाणी गळालं आणि कुरकुरत पातं उघडलं. पॉलिश पेपरने घासल्यावर गंजाखालून राखाडी पोलाद दिसायला लागलं. मुठीजवळची ओळखीची खाच दिसली आणि पातं बदललेलं नाही याची माझी खात्री पटली. निदान तोवर तरी.

काकांनी पात्यावरून अंगठा फिरवला. एकदा या बाजूने, एकदा त्या.

"ये तो एक साइड से सपाट है. दूसरी साइड ढलान. किसी ने बिगाड़ा है." त्यांनी पायाने चाक सुरू केलं. "दोनों साइड बराबर कर देता हूँ."

सपाट बाजू चाकाला टेकणार, एवढ्यात मी त्यांचं मनगट धरलं. "नको! काका, नको!"

चाक फिरत राहिलं. काका माझ्याकडे बघत राहिले.

"भाजी काटनेवाले को क्या फरक पड़ता है?"

मग सांगावंच लागलं. नर्सरी, सोमवार, ब्रेक, वडील, सगळं. कलमाचा काप एका सुतात सपाट यावा लागतो, दोन्ही बाजूंनी धार लावली तर पातं फांदीत तिरकं शिरतं, मध्ये पोकळी राहते आणि कलम सुकतं.

"अच्छा," ते म्हणाले. "तो दिखा."

चाक बंद झालं. त्यांनी हातातला दगड घेतला. मी सांगत गेलो, ते घासत गेले. फक्त उतरती बाजू. शेवटी सपाट बाजू दगडावर पालथी टेकवून एकदाच ओढली. मग चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून हातावरचे केस उडवून पाहिले.

दारात तेलाच्या डब्यात, आंबे खाऊन टाकलेल्या कोयींची दोन रोपं उगवली होती, पानं अजून तांबूस. मी एकाचा शेंडा छाटला, पाचरीसारखा तासला, दुसऱ्याचं डोकं उडवून दांडा चिरला, त्यात पाचर बसवली आणि पिशवीच्या पट्टीने बांधून टाकलं. काकी धावत बाहेर आल्या.

"दो पौधे थे मेरे! एक को मार के दूसरे पे बैठाया? फायदा क्या इसका?"

"फायदा काही नाही, काकी. फक्त दाखवायला. याला चांगलं फळ देणाऱ्या झाडाची काडी लागते."

"फायदा नहीं तो काटा क्यों?"

काका इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी चाकू मिटला आणि माझ्या हातात न देता माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. "उठा. झगड़ा नहीं माँगता मेरे को. और वहाँ सच बोलना."

सोमवारी मालकाने पातं नखावर टेकवून पाहिलं, माझा पहिला काप उन्हात धरून पाहिला आणि म्हणाला, "बस." मी बसलो. आजही बसतो.

काकांना ते पातं खरंच बिघडलेलं वाटलं होतं, की माझं तोंड उघडावं म्हणून त्यांनी मुद्दाम चाकाकडे नेलं? आयुष्यभर धार लावणाऱ्या माणसाला एका बाजूची धार कळली नसेल? मी एकदा विचारलंही. ते म्हणाले, "तू अभी भी शक करता है?" हे काही उत्तर नव्हे.

डब्यातलं ते कलम जगलं, पण काकी म्हणाल्या ते खरंच, त्याचा उपयोग काही नव्हता. पुढे बराकीच्या जागी इमारत झाली. आता काका-काकी वरच्या मजल्यावर राहतात, गॅलरीत सकाळचं ऊन येतं. तिथे मोठ्या पिंपात लागेल असं हापूसचं कलम त्यांना द्यायचं माझ्या मनात आहे. दरवर्षी एक बाजूला काढतो आणि दरवर्षी त्याच्या सांध्याबद्दल शंका येते. पण काका, त्याच चाकूने बांधलेलं, पहिलं फळ मी डोळ्यांनी पाहिलेलं एक कलम एक ना एक दिवस तुमच्या दारात आणून ठेवीन. हातात नाही देणार. जमिनीवर ठेवीन, तुम्ही उचला.