देवघरात जपलेलं कूपन

तुमच्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाशी दिवसभरात कोण बोलतं, हे तुम्ही कधी विचारलंय?

इथे अमेरिकेत, फ्रीमाँटमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंशी टीव्ही बोलायचा. काका गेलेले, मुलगा पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅरीला. केबल नव्हती, जुन्या टीव्हीवर दोन दांड्यांचा अँटेना. सकाळी हवामानाचा नकाशा लागला की त्या मुलाच्या राज्यावर बोट ठेवायच्या. त्याच्याकडे आज पाऊस आहे, एवढं मला जिन्यात सांगायच्या. त्याचा फोन रविवारीच यायचा.

यंदा, २००८ च्या सुरुवातीला समजलं, पुढच्या वर्षी फेब्रुवारीत अँटेनावरचं जुनं प्रक्षेपण बंद होऊन डिजिटल येणार. नवं प्रक्षेपण जुन्या टीव्हीवर दाखवणारा कन्व्हर्टरचा डबा जोडला नाही तर असे टीव्ही मुके होणार. डब्यासाठी सरकार सवलतीचं कूपन देत होतं. मी चळवळीची पत्रकं काढणाऱ्या घरात वाढलेला. आमच्याकडे जेवताना मजकूर तपासला जायचा. मी मराठीत पत्रक लिहिलं: माहिती हा हक्क आहे, म्हाताऱ्यांना अंधारात ढकलणाऱ्यांना जाब विचारा. ते ओळखीच्या घरांच्या दारांखालून सरकवलं. काकूंचा कूपनचा अर्ज तेवढा भरून दिला आणि मोकळा झालो. मलाही या गावात कुणी नव्हतं. तरी बेल वाजवण्यापेक्षा कागद सरकवणं सोपं वाटायचं.

ऑगस्टमध्ये काकूंना विचारलं, डबा आणला का. काकूंनी देवघरातल्या कुंकवाच्या करंड्याखालून कूपन काढलं. फेब्रुवारीसाठी जपून ठेवलेलं. त्याची मुदत जूनमध्येच संपली होती, आणि दुसरं मिळणार नव्हतं. मी म्हणालो, तारीख कूपनवर छापलेली आहे.

"इंग्रजीत," काकू म्हणाल्या. "तुझा कागद मी दोनदा वाचला. सरकारला केवढं बोललायस. तारीख तेवढी नाही."



दुसऱ्या दिवशी डबा आणून जोडला. बराच वेळ निळा पडदा, मग नकाशा आला. काकूंनी आधी बोट ठेवलं, मग चष्मा लावला. दोन रिमोट त्यांना जमेनात, म्हणून कोणतं बटण आधी दाबायचं ते मोठ्या अक्षरांत लिहून टीव्हीला चिकटवलं. त्यात एकही घोषणा नव्हती.

निघताना म्हणालो, बिघडला तर बोलवा.

"न बिघडता ये की."

फेब्रुवारी जवळ आलाय. हा मजकूर कुणाच्या दाराखालून सरकवू नका. बेल वाजवा, कूपनवरची तारीख वाचून दाखवा, डबा स्वतः जोडा आणि चित्र आल्यावरही थोडं बसा.